जुन्या लाकडी कपाटाचा कुबट वास काही केल्या जात नाही, काय करू?

शेवंती:
मंडळी, मदत हवी आहे. आजीच्या वापरातलं एक लाकडी कपाट आता माझ्याकडे आलंय. वर दोन दारं, खाली तीन खण, लाकूड भक्कम, बाहेरचं पॉलिश अजून सुंदर. पण बरीच वर्षं बंद खोलीत पडून होतं, त्यामुळे दार उघडलं की असा कुबट भपकारा येतो की आत कपडे ठेवायची सोय नाही. रात्री चादर ठेवली तर सकाळी तिलाही तोच वास. आतापर्यंत ओल्या फडक्याने पुसून झालं, साबणाच्या पाण्याने पुसून झालं, डांबराच्या गोळ्या ठेवून झाल्या, अत्तराचा बोळा ठेवून झाला. आता कुबट, डांबर आणि अत्तर असा तिन्हींचा मिळून वास येतो. घरातले म्हणतात टाकून दे. मला टाकायचं नाहीये. हा वास खरंच कायमचा जातो का? कोणी घालवलाय का?

खिडकीपाशी:
उन्हात ठेवा दोन-चार दिवस, दारं-खण सगळं उघडं टाकून. ऊन हाच उपाय, बाकी सगळं वरवरचं.

दोनओळी:
ऊन +१. आणि डांबराच्या गोळ्या आधी काढून टाका. त्यांची वाफ लाकडात मुरली की ती घालवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. शिवाय घरात तान्हं बाळ असेल तर त्या नकोतच, नॅप्थलीन असतं त्यात, आणि जी-सिक्स-पी-डीची (रक्तातल्या लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम) कमतरता असलेल्या बाळांना त्याने रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो.

पटाशी:
ऊन म्हणताना जरा थांबा. माझा हा रोजचा विषय आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जुन्या कपाटांवर बऱ्याचदा व्हेनियर असतं, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा साध्या लाकडावर सरसाने चिकटवलेला. कडक उन्हात लाकूड एका बाजूने भराभर सुकतं, आकसतं, आणि मग पापुद्रा सुटतो, फळीला चीर जाते, सांधे ढिले होतात. जुना सरस उष्णतेने मऊ होतो, लाखेचं पॉलिशही मऊ पडतं. त्यामुळे सुटे खण थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवले तर चालतील, पण मुख्य सांगाडा सावलीत, वाऱ्यावर, पंख्यासमोर. सुकवायचंय, भाजायचं नाही.

पण त्याच्याही आधी एक काम. वास नेमका कुठून येतोय ते शोधा. "कपाटाला वास येतो" हे पुरेसं नाही. सगळे खण बाहेर काढा, प्रत्येक खण वेगळ्या खोलीत नेऊन हुंगा. खण उलटा करून तळाची फळी बघा. मागची पाठ बघा, विशेषतः भिंतीला टेकून होती ती बाजू. पाय खालून बघा. बाहेरून पॉलिश असतं पण आतून, खालून, मागून लाकूड कोरं असतं, आणि ओल, बुरशी, वास सगळं त्या कोऱ्या लाकडातच शिरतं. तुम्ही पुसलंत ते बहुतेक पॉलिशवरून पुसलंत. खणात कागद चिकटवलेला असेल तर तो पहिला काढा, कागद आणि त्याखालची खळ ही बुरशीची आवडती जागा.

गच्चीवरचावारा:
मी बेकिंग सोडा बशीत घालून ठेवते, माझ्या पेटीचा वास गेला. इतकी खटपट कशाला?

मूलद्रव्य:
सोड्याबद्दल थोडं. सोडा सौम्य अल्कली आहे, त्यामुळे आंबट वासांवर तो चांगला चालतो. काही लाकडांमधून, ओकसारख्या जास्तच, अॅसिटिक आम्ल हळूहळू बाहेर पडत असतं आणि बंद पेटीत ते साठतं, तसला आंबूस वास असेल तर सोड्याने फरक पडणारच. तुमची पेटी त्यातली असावी.

पण मातकट-कुबट वास वेगळा. ज्योस्मिन हे त्यातलं एक नाव, मातीतले काही जीवाणू ते बनवतात, पाण्यात लिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. बुरशी ऑक्टेनॉलसारखी अल्कोहोलंही सोडते, अळंबीचा जो वास असतो तो त्याचाच. ही आम्लं नव्हेत, त्यामुळे सोडा त्यांना फारसं काही करू शकत नाही. तिथे सक्रिय कोळसा, म्हणजे अॅक्टिव्हेटेड चारकोल. त्यात इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ १००० चौरस मीटरच्या वर जातं, वासाचे रेणू त्यावर जाऊन चिकटतात. शेगडीतला साधा कोळसा त्याच्या जवळपासही जात नाही.

आणि नाकाला इतकं कमी पुरतं म्हणूनच "बराचसा साफ केला" म्हटलं तरी वास येतच राहतो. मूळ शिल्लक असेल तर कोळसाही रोजची आवक तेवढी टिपत बसणार.

गच्चीवरचावारा:
हो, माझ्या पेटीला आंबूसच वास होता. पटलं. कोळसा किती दिवस ठेवायचा?

मूलद्रव्य:
दारं बंद ठेवून दोन-तीन आठवडे तरी. कापडी पिशवीत, म्हणजे काळं लागत नाही. उघड्या कपाटात ठेवाल तर तो खोलीची हवा साफ करत बसेल.

शेवंती:
पटाशीदादा, तुम्ही सांगितलंत तसं सगळं उपसून बघितलं. वरच्या दोन खणांना जवळजवळ वास नाही! तिसऱ्याला, सगळ्यात खालच्याला, भयंकर. उलटा केला तर तळाची फळी कोरी, आणि फळी ज्या खाचेत बसते त्या खाचेच्या कडेने राखाडी रंगाची भुरी, बोटाला लागते आहे, मध्ये काळे ठिपके. कपाटाची पाठ प्लायवूडची आहे, तिच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा जुना डाग आणि तिथे प्लायचे थर सुटून फुगलेत, नखाने दाबलं तर आत जातंय. वरच्या कप्प्यात कागद होता तो काढला, खाली फळी स्वच्छ आहे.

चहाटळ:
एका कपाटात तीन खण आणि तीन वेगळे वास, म्हणजे आता घरात प्रत्येकाला एकेक खण वाटून द्या, तिसरा ज्याने "टाकून दे" म्हटलं त्याला!

पटाशी:
छान बघितलंत, अर्धं काम झालं. आता क्रमाने.

ती भुरी म्हणजे बुरशी. घरात झटकू नका, बीजं घरभर उडतात. खण बाहेर मोकळ्या हवेत न्या, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम असेल तर ब्रशचं तोंड लावून खाच न खाच ओढून घ्या, नसेल तर किंचित दमट फडक्याने टिपत टिपत पुसा आणि फडकं फेकून द्या. घासू नका, टिपा. खाचेत फडकं जात नाही, तिथे लाकडी काडीला कापड गुंडाळून फिरवा, निम्मा वास त्या खाचेत असतो.

मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, फडकं घट्ट पिळून पुसायचं, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. पाणी ओतायचं नाही. मग सुकू द्या, चांगले काही दिवस, पंख्यावर. सुकल्यावर कोऱ्या भागावर १५० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, मास्क लावूनच. वरचा काळवंडलेला थर निघाला की पुन्हा हुंगा. ठिपके राहिले तर घाबरू नका, डाग म्हणजे जिवंत बुरशी असं नव्हे.

प्लायचा फुगलेला कोपरा मात्र वाचत नाही. थर सुटले की आतला गोंद आणि लाकूड दोन्ही गेलं. पाठ बहुतेक खिळ्यांवर किंवा स्क्रूवर असते, अख्खी काढून नवीन लावा. ती आजीच्या कपाटाची ओळख नाहीये, दारं आणि खण आहेत.

खिडकीपाशी:
एवढं करण्यापेक्षा ब्लीच मारा की, बुरशी जागेवर मरेल.

मूलद्रव्य:
फरशीवर किंवा काचेवर ठीक, कोऱ्या लाकडावर नको. ब्लीचमधला क्लोरीनवाला भाग वरच्या वरच खर्ची पडतो आणि पाणी मात्र आत शिरतं, म्हणजे खाली उरलेल्या बुरशीला आपण पाणीच घातलं. लाकडाचा रंग उडतो तो वेगळा. आणि हे सगळ्यांसाठी, नीट वाचा: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र आणू नका, क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियाही नाही. "एक मारून बघितलं, नाही गेलं, लगेच दुसरं मारलं" हे याच कामात सगळ्यात जास्त होतं आणि तेही खणात डोकं घालून, बंद खोलीत.

कोऱ्या लाकडावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, रंग थोडा फिका होऊ शकतो. नाहीतर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना.

पटाशी:
अल्कोहोलला एक जोड: पॉलिशवर सांडू देऊ नका! जुनं पॉलिश लाखेचं असेल तर अल्कोहोलने तिथल्या तिथे विरघळतं. दाराच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने एक थेंब लावून बघा. चिकट झालं तर लाख आहे, मग बाहेरच्या बाजूला अल्कोहोल अजिबात नाही.

शांतनदी:
व्हिनेगरचा अनुभव. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून मी एका जुन्या टेबलाच्या आतून पुसलं होतं, दोन दिवस व्हिनेगरचाच वास आला, मग दोन्ही गेले. हलक्या वासाला पुरतं. संगमरवर बसवलेलं फर्निचर असेल तर मात्र दगडाला लागू देऊ नका, चकाकी जाते.

उंबरठा:
सगळे कपाटाबद्दल बोलताय, भिंतीबद्दल कोणीच नाही. ताईंनी लिहिलंय डाग मागच्या पाठीला, खालच्या कोपऱ्यात आहे. आता नवीन घरात कपाट कुठे ठेवलंय? बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलं असेल तर नवीन पाठही तशीच होणार.

हिशोब बघा. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे, म्हणजे आपल्याला काही दमट वाटत नाही. पण कपाटामागे भिंत १५ अंशांवर गार असेल तर त्याच हवेची आर्द्रता भिंतीपाशी ८० टक्क्यांच्या वर जाते. १२ अंशांवर तर दव धरतं. म्हणजे पाणी दिसायचीही गरज नाही, बुरशीला ती ८० टक्के आर्द्रता कित्येक दिवस मिळाली की पुरे. लाकूड कुजायला त्यात २० टक्क्यांहून बरंच जास्त पाणी लागतं, पण पृष्ठभागावरची बुरशी आणि वास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. म्हणून "लाकूड तर कडक आहे, मग वास कसा" असं वाटतं.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, खाली पायांतून हवा खेळू द्या, आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. ५० च्या आसपास असेल तर उत्तम, ६० च्या वर रेंगाळायला लागला की दारं उघडी टाका किंवा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, लावा. हे केल्याशिवाय बाकी सगळं पुन्हा पुन्हा करावं लागेल.

पटाशी:
उंबरठा, +१००. मी लिहिणारच होतो. आधी ओल बंद, मग सफाई, मग सुकवणं, आणि सगळ्यात शेवटी लेप. क्रम उलटा केला की ओल आत कोंडली जाते.

मातीचाघडा:
ओल ओढणारे ते प्लास्टिकचे डबे मिळतात ते ठेवले तर?

उंबरठा:
कॅल्शियम क्लोराइडचे? ओल ओढतात चांगली, पण ते मीठ ओल पिऊन स्वतःच पाणी होतं आणि डबा कलंडला तर ते खारं पाणी लाकडात मुरतं, बिजागऱ्या गंजतात. ठेवायचे तर खोलगट ताटलीत. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) बरं, भरलं की ओव्हनमध्ये १२० अंशांना तापवून पुन्हा वापरता येतं.

पानगळ:
मला एक वेगळंच म्हणायचंय. जुन्या लाकडाचा सगळाच वास घालवायलाच हवा का? मला जुन्या कपाटाचा, जुन्या पुस्तकांचा वास फार आवडतो.

मूलद्रव्य:
अवांतर पण आवडीचं. जुन्या पुस्तकांचा तो किंचित गोडसर वास कागदातलं लिग्निन आणि सेल्युलोज (लाकडाचे मूळ घटक) हळूहळू तुटत जातं त्याचा, त्यात व्हॅनिलीनही असतं, व्हॅनिलाच्या वासाचं तेच. लाकडातही लिग्निन असतंच. तो वास कोरडा असतो, त्याने घसा खवखवत नाही. कुबट वास म्हणजे कुठेतरी ओल आहे किंवा होती याची खूण. पहिला खुशाल ठेवा.

पानगळ:
मग ठीक. देवदाराच्या पेटीचा वास गेला म्हणून काळजीत होते, तोही असाच परत येतो का?

पटाशी:
येतो. आतून बारीक पॉलिश पेपर फिरवला की नवीन लाकूड उघडं पडतं आणि वास परत येतो. देवदाराच्या आतून कधीच पॉलिश करू नका, सगळा वास त्यातच कोंडला जातो.

टाचणी:
माझ्या खुर्चीचं काय? लाकूड साफ केलं, वास बैठकीतून येतोय. आत काथ्या आहे बहुतेक.

पटाशी:
बैठक उलटी करून खालचं कापड सोडवा आणि बघा. काथ्या, कापूस, केस, काहीही असो, एकदा भिजून बुरशी धरली की ते भरण फेकायचं. धुऊन वाळवून परत घालण्यात अर्थ नाही. लाकडी सांगाडा स्वच्छ करून नवीन भरण घाला.

मिरचीचंझाड:
आमच्याकडे एकाने ओझोन मशीन लावून दिलं, तासाभरात वास गायब म्हणाला. ते चांगलं का?

मूलद्रव्य:
ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे. माणसांना चालेल इतक्या कमी प्रमाणात तो वासावर फारसं काम करत नाही, आणि काम करेल इतक्या प्रमाणात त्या खोलीत माणूस, प्राणी, झाड काहीच असता कामा नये. रबर आणि कापडही खराब होतं. आणि ओल तिथेच राहिली तर वास परत. मी तरी घरात लावणार नाही.

दोनओळी:
खणात बारीक भोकं आणि पिठासारखा भुगा दिसला तर? माझ्या टेबलात आहे.

पटाशी:
भुंगेरा. भोकं साधारण १ ते २ मिलीमीटरची असतात. जिवंत आहे की जुना हे बघायला भोकांखाली काळा कागद ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी ताजा भुगा पडलेला दिसला तर आत अजून काम चालू आहे. तोवर ते टेबल बाकी लाकडापासून दूर ठेवा. यावर वेगळा धागा काढा, मोठा विषय आहे.

उंबरठा:
आणि भुग्याऐवजी उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरडं झाडू नका. आधी जंतुनाशकाने भिजवा, मग कागदाने उचला. उंदराच्या लघवीचा वास साबणाने जात नाही, त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं.

शेवंती:
सगळ्यांचे मनापासून आभार. जेवढं झालंय ते लिहिते. मागची पाठ काढली, नवीन आणलीये पण अजून लावली नाही. तिसरा खण साफ करून, सुकवून, घासून झाला. खाचेतून काय निघालंय विचारू नका, काडीला गुंडाळलेलं कापड प्रत्येक वेळी काळं. आता नाक लावलं तरच वास येतो, उभं राहून नाही. कपाटाची जागाही बदलली, ते खरंच बाहेरच्या भिंतीला टेकलेलं होतं. आता लेपाचं सांगा, आतून काय लावू? कोणी जवसाचं तेल लाव म्हणतंय.

पटाशी:
आतून तेल नको. बंद खणात तेलाला सुकायला हवा मिळत नाही, महिनोन् महिने वास मारतं आणि चिकट राहतं, कपड्यांना लागतं. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हे कुणीही विसरू नका. कुठेही वापरलीत तर बाहेर सुटी पसरून वाळवा.

आतून लाखेचं पॉलिश लावा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. लवकर सुकतं, सुकल्यावर स्वतःचा वास राहत नाही, आणि लाकडात उरलेला वास आतच रोखून धरायला यासारखं दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही. दोन पातळ हात, मध्ये हलकासा पॉलिश पेपर. ताजं बनवलेलं घ्या, फार दिवस ठेवलेलं नीट सुकत नाही. तळाच्या फळीला दोन्ही बाजूंनी लावा, एकाच बाजूने लावलं तर फळी वाकते. खणाच्या ज्या कडा सरकतात त्या मात्र कोऱ्या सोडा, तिथे मेणबत्ती घासा, खण सुळसुळीत चालेल. नवीन पाठीच्या चारही कापलेल्या कडांना लावायला विसरू नका, प्लायमध्ये ओल कडेनेच शिरते.

गच्चीवरचावारा:
वाचनखूण साठवली. एक शंका, रंग दिलेलं जुनं फर्निचर असेल तर तेही असंच घासायचं का?

मूलद्रव्य:
नाही! जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि घासलं की ती धूळ आपण श्वासात घेतो, लहान मुलांना तर फारच धोक्याची. आधी तपासून घ्या, तोवर फक्त दमट फडकं.

शेवंती:
लाख मिळाली. वास पूर्ण गेला हे कसं ओळखायचं? मला आता खरा वास कोणता आणि मनातला कोणता तेच कळेनासं झालंय.

शांतनदी:
नाक थकतं, सगळ्यांचंच. पॉलिश पूर्ण सुकलं की धुतलेला पांढरा सुती रुमाल खणात टाकून खण रात्रभर बंद ठेवा, तसाच दुसरा रुमाल बाहेर ठेवा. सकाळी दोन्ही अशा माणसाच्या हातात द्या ज्याला कुठला कुठे होता ते माहीत नाही. त्याला फरक सांगता आला नाही तर कपडे ठेवायला सुरुवात करा, पण पहिले काही दिवस खण गच्च भरू नका, थोडी हवा खेळू दे.